पानात काही टाकायचं नाही

बाबांचे नियम फार नव्हते, पण जे होते ते जेवणाच्या पानापासून सरकारी कागदापर्यंत सगळीकडे लागू. पानात काही टाकायचं नाही आणि कागदावर रकाना रिकामा ठेवायचा नाही. ते केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. लिहिण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ लिहा, पण कोरं सोडू नका, असं ते कारकुनांना बजावत. मी शाळेत परीक्षेला निघाले की आई तळहातावर दही घालायची आणि बाबा म्हणायचे, "बयो, एकही प्रश्न टाकायचा नाही हो. येत नसेल तरी दोन ओळी खरड. मास्तरांना दया येते." रत्नागिरीचे मास्तर खरंच दयाळू होते. त्या दोन ओळींच्या जोरावर मी पुष्कळ परीक्षा निभावल्या.

मी डॉक्टर होईतो बाबांची बदली चंदीगडला झाली होती आणि आईबाबा सेक्टर बावीसमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. मला बालरोगतज्ज्ञ व्हायचं होतं. शहरातल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत त्यासाठी प्रवेश परीक्षा असे. बाबांची निवृत्ती जवळ आली होती. जागा मिळाली तर पुढे शिकायचं, नाही मिळाली तर गावी जाऊन आईने बघून ठेवलेल्या स्थळांपुढे बसायचं, असं घरात ठरलेलं होतं. मुलाकडच्यांपुढे पोह्यांच्या बशा घेऊन जायची मला मनापासून चीड होती.

त्या परीक्षेत लिहायचं काही नव्हतं. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर खूण करायची. उत्तर चुकलं तर गुण कापणार, हे सूचनेत छापलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण हाताला वळण बाबांचं. वेळ संपत आला तशी मी उरलेल्या प्रश्नांवर भराभर खुणा करत सुटले. बाहेर उन्हात बाबा सायकल धरून उभे होते.

"टाकलं नाहीस ना काही?"

"एकही नाही," मी म्हणाले. आम्ही दोघंही खुशीत घरी आलो.

यादीत माझं नाव नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या आणि पंजाबी ढंगात धीर देत म्हणाल्या, "कोई गल नहीं बेटा, अगले साल पक्का." त्यांच्यासमोर मी हसले. वर येऊन पोळ्या लाटताना मात्र डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं आणि आई ते न बघितल्यासारखं करत होती.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "सगळं लिहिलं होतंस, मग असं कसं झालं?"

"सगळं लिहिलं म्हणूनच झालं. चुकलेल्याचे गुण कापतात, बाबा. येत नव्हते ते सोडले असते तर यादीत बसले असते मी."

भात कालवणारा त्यांचा हात थांबला. मला वाटलं ते उठतील. उठले नाहीत. मान खाली घालून त्यांनी पान चाटूनपुसून संपवलं. घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता, हे मला समोरून दिसत होतं.

आईकडून एक वर्षाची मुदत त्यांनीच मागून घेतली. मग रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ते माझी पुस्तकं घेऊन बसत आणि आपल्या कोकणी इंग्रजीत प्रश्न वाचून दाखवत. रोगांच्या नावांची ते अशी काही वाट लावत की एरवी मी पोट धरून हसले असते. मी उत्तराला अडखळले की ते म्हणत, "सोड." जन्मभर ज्या माणसाने रकाना कोरा ठेवला नाही, त्याला तो शब्द किती जड जात असेल! मला रडू यायचं, रागही यायचा, कारण ते स्वतःला शिक्षा करत होते आणि ती मला थांबवता येत नव्हती.

दुसऱ्या वर्षी ते फाटकापर्यंत आले, पण काही बोलले नाहीत. मी बरेच प्रश्न कोरे ठेवले. प्रत्येक वेळी पानात अन्न टाकल्यासारखं वाटत होतं. या वेळी जागा मिळाली. बाबांनी ऑफिसात पेढे वाटले, पण घरी त्या परीक्षेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

निवृत्तीनंतर माझं शिक्षण संपेपर्यंत ते दोघं तिथेच राहिले. माझ्या शेवटच्या वर्षी बाबांना पोटाचा आजार झाला. तो बरा होणारा नव्हता, हे घरात सर्वांत आधी मला कळलं. डॉक्टर असण्याचं तेवढं एक सुख माझ्या वाट्याला आलं.

हिवाळ्यातली एक दुपार होती. गच्चीवरच्या उन्हात त्यांना बसवून मी मऊ भात आणि मेतकूट दिलं. चार घास खाऊन ते थांबले. उरलेला भात त्यांनी बोटांनी पानाच्या कडेला सारला. मग शाळेतल्या मुलाने मास्तरांना विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "बयो, एवढा टाकला तर चालेल का गो?"

"सोडा, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी हात धुतला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मी ताट स्वयंपाकघरात नेलं. आई ते घ्यायला पुढे आली, पण मी दिलं नाही. ओट्याशी उभी राहून मी त्यांचा उरलेला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.