मिरचीले 'अहो' म्हणणारी ताई

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात मिरचीले अहोजाहो करणारी एकच बाई हाय, माझी मामेबहीण! "त्या आल्या का तोडून?" एकच हिरवी मिरची असली तरी ती असंच विचारते. मिरचीवरच पीएचडी करून राह्यली ना! जेवताना मिरचीचा तुकडा जिभेवर ठेवते, डोळे मिटते अन् स्वतःची नाडी धरून बसते. इंझोरीच्या लग्नात नवरदेवाच्या काकाले ठसका लागला, कपाळावर घामाच्या धारा. सगळे पाण्यासाठी धावले, अन् ही महामाया त्यांच्यासमोर उभी! "काका, अजून एक घास घ्या ना! हा घाम सिंपथेटिक, म्हंजे आपल्याले न विचारता काम करणाऱ्या नसांच्या हुकुमानं येते, मले पाहू द्या!"

अन् समजावते काय भारी! "त्या नसांची पोटात ठाणी असतात, गँगलिया. एक ठाणं म्हंजे मालेगावचा बाजार समज. बाहेरगावच्या गाड्या, म्हंजे दुखणं कळवणाऱ्या नसा, 'सबस्टन्स पी' घेऊन येतात, तेच दुखण्याची बोंब मारते. मिरचीतलं कॅप्सेसिन आलं की सगळा माल एकदम सांडते, मंग गाड्या रिकाम्या! पण गावचे पक्के दुकानदार, न्यूरोपेप्टाइड वाय, ते जागचे हालत नाहीत." मी आ वासून ऐकतच राह्यलो. आपल्या पोटात बाजार भरते, कोणाले माहीत होतं?

मंग आसेगावले मामाले, म्हंजे तिच्या बाबाले, नागीण झाली. पुरळ गेलं, पण बरगडीची आग जाईना. सदरा टेकला तरी ओरडत. उघड्या अंगानं घरातच बसून. बाजार बंद, लोकांत जाणं बंद. डॉक्टरनं मिरचीचं मलम लिहून दिलं, तं मामा भडकले.

"जिंदगीभर मिरची तोडली, आता आगीवर तेच फासू? पोरगी हायेस का वैरी?"

"बाबा, तसल्याच गाड्या तुमच्या बरगडीतून जातात. आधी जास्त जळन, मंग माल संपन."

"अन् नाही संपला तं?"

ताई हळूच म्हणे, "तं मी एवढं शिकून केलं काय?"

मामानं तिच्याकडं पाह्यलं अन् हात वर केला. "लाव."

ताई हातमोजे घालून रोज लावे. सुरुवातीले मामा गल्लीभर ऐकू जातीन अशा शिव्या देत. मिरचीले, नसांले, तिच्या कॉलेजले. मामीनं तर एकदा स्वतःच मलम लावलं अन् हात न धुताच डोळ्याले लावला, तीही सोबतीले नाचली! हळूहळू शिव्या कमी झाल्या. अन् एक दिवस मामा सदरा घालून ओट्यावर आले. "पुरं गेलं नाही माय," म्हणे, "पण टेकू देते आता." ताईनं त्याच बाजूले डोकं टेकवलं. मामा हालले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजले परत गेली. मी मामाच्या घरी गेलो तं ते एकटेच, बरगडीवर हात ठेवून बसलेले.

"दुखून राह्यलं का मामा?"

"नाही रे," म्हणे. "काल इथं डोकं होतं तिचं."