कात्रीबाईंचं एक मत

त्यांना सगळे कात्रीबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर त्या नगरपालिकेवर निवडून आल्या, खर्च समितीच्या प्रमुख झाल्या, आणि समोर येईल त्या कागदावरून काही ना काही छाटायला लागल्या. सभागृहातल्या खुर्च्यांना नव्या गाद्या? छाट. पाहुण्यांना पुष्पगुच्छ? छाट. नवरा म्हणायचा, "लग्नात हिनं मला निम्माच मंजूर केलाय. उरलेला अजून विचाराधीन आहे."

त्यांचा पक्षच तसा होता. 'आहे त्यात भागवू, कर्ज काढणार नाही' एवढ्या एका वाक्यावर त्यानं तीन निवडणुका जिंकल्या होत्या. ते वाक्य भिंतींवर रंगवलं जात असताना बाई स्वतः शिडी धरून उभ्या राहिलेल्या.

चौथी निवडणूक सहा महिन्यांवर आली आणि पक्षाच्या अध्यक्षानं बैठक बोलावली. अध्यक्ष चाळिशीचा, बाईंचाच विद्यार्थी. त्यानं बारा जणांसमोर एकेक कागद सरकवला. घरगुती पाणी सगळ्यांना फुकट. पैसा बँकेच्या कर्जातून, वीस वर्षांच्या मुदतीनं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "हे आपलं आहे की समोरच्यांचं चुकून आपल्याकडे आलंय?"

"समोरचे निम्मा दर करणार आहेत, बाई. आपण काय लोकांना हिशेबाची वही दाखवत फिरायचं?"

"आजवर तेच दाखवलं की! अरे, वीस वर्षं म्हणजे आज पाळण्यात असलेलं पोर हे फेडणार."

"पाळण्यातल्या पोराला मत नसतं, बाई."

सगळे खो खो हसले. बाईंनी आशेनं पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टातून निवृत्त झालेले हे गृहस्थ पक्षात त्यांच्याही आधीपासूनचे. कर्ज या शब्दानं त्यांच्या कपाळावर आठी यायची. मतदान झालं. एकेक करत हात वर गेले. मास्तरांचा सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला.

जिन्यात बाईंनी त्यांना गाठलं. "मास्तर, तुम्ही?"

"मुलाला तिकीट हवंय," मास्तर कठड्याकडे बघत म्हणाले. "आणि खरं सांगू? दर वेळी नाही म्हणून म्हणून कंटाळलो गं मी. कधीतरी लोकांना हो म्हणावंसं वाटतं."

अध्यक्षानं बजावलं होतं की सभागृहात सगळ्यांनी एकमुखानं हात वर करायचा. ज्याला जमणार नाही त्यानं तिकिटाची आशा सोडावी. सभागृहातल्या मतदानाला चार दिवस होते. त्या चार दिवसांत बाईंनी आपल्या वॉर्डात घरोघरी जाऊन हे कर्ज हवं का, असं विचारायचं ठरवलं. बहुतेकांनी गोड बोलून वाटेला लावलं. नाल्यापलीकडे राहणाऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं मात्र मशीन थांबवलं.

"बाई, नाल्यावर छोटा पूल बांधा म्हणून मी तीन वर्षं तुमच्याकडे खेटे घातले. तुम्ही म्हणालात, तिजोरीत पैसे नाहीत."

"नव्हतेच."

"कर्ज मिळत होतं का तेव्हा?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. "मिळत होतं."

"मग?"

"फेडायचं ओझं तुझ्याच मुलांवर आलं असतं."

"ती मुलं रोज नाल्यावर टाकलेल्या फळीवरून शाळेत जात होती." ती आवाज न चढवता बोलत होती. "सासूबाई फळीवरून घसरल्या त्या उठल्याच नाहीत. तुमचा शब्द मी सगळ्या गल्लीला सांगत फिरले, की बाई खोटं बोलणार नाहीत, पैसे नसतील म्हणूनच नाही म्हणतायत. आता तुमचाच पक्ष म्हणतो, पैसे हवे तेवढे आहेत."

"या कर्जातसुद्धा पूल नाही," त्या कशाबशा म्हणाल्या.

"ते मला ठाऊक आहे," असं म्हणून तिनं मशीन पुन्हा सुरू केलं.

घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. नवऱ्यानं विचारलं, "आता मत बदलणार?"

"पुलासाठी कर्ज काढायला हवं होतं. तिथं मी चुकले," बाई म्हणाल्या. "पण म्हणून हे बरोबर ठरत नाही. दोन्ही एकदम खरं आहे, आणि मला ते गिळवत नाहीये."

सभागृहात त्यांनी हेच सांगितलं. आपली पुलाची चूक आधी, कर्जाला विरोध नंतर. पहिल्या वाक्याला विरोधकांनी बाकं वाजवली, दुसऱ्याला स्वपक्षीयांनी माना फिरवल्या. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं. विरोधी पक्षसुद्धा फुकट पाण्याविरुद्ध हात वर करायला धजला नाही.

तिकीट मास्तरांच्या मुलाला मिळालं, आणि तेही बाईंच्याच वॉर्डातून. पक्ष आजवरच्या सगळ्यांत मोठ्या बहुमतानं जिंकला. भिंतींवरचं जुनं वाक्य कुणी मुद्दाम पुसलं नाही. नव्या रंगाखाली गेलं.

पुढच्या महिन्यात घरी पाण्याचं बिल आलं. रक्कम शून्य. बाई जुन्या दरानं पैसे घेऊन पालिकेच्या खिडकीवर गेल्या. कारकून ओळखीचा होता. त्यानं संगणकावर बराच वेळ खटपट केली.

"बाई, पाणीपट्टीचा रकानाच काढून टाकलाय. घेऊ कशात?"

"दुसऱ्या कशात तरी घे."

"दंड घेता येतो," तो ओशाळून म्हणाला. "पण तुम्ही काही केलेलं नाही ना."

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, "फुकट मिळतंय तर घ्या की मुकाट्यानं!" बाईंनी नोटा पर्समध्ये परत ठेवल्या आणि बाजूला झाल्या.