कागदावरची मालकीण

"कोर्टात बोललं म्हणून खोट्याचं खरं होत नाही, ताई," बाबा म्हणाले आणि त्यांनी मुसळ उखळात आणलं.

"खोटं कोण बोललं?" आत्याने ओला हात घालून उखळातला गरम भात उलटला आणि पुढचा घाव पडायच्या आत बाहेर काढला. "नाव घेऊन सांग."

"आपले वडील."

"म्हणजे मेलेल्या माणसाला खोटारडा म्हणतोयस. तेही वर्ष संपताना. चांगलं आहे."

मुसळ पुन्हा पडलं, या खेपेला जरा लवकर. आत्याचा हातही तेवढाच लवकर निघाला.

त्र्याहत्तर सालचा तीस डिसेंबर होता. नव्या वर्षाचे तांदळाचे गोळे आमच्याकडे तीसलाच व्हायचे. एकोणतीस अशुभ, म्हणून आम्हा जपान्यांत त्या दिवशी कुणी करत नाही, आणि एकतीसला हाताशी वेळ नसतो. वाफवलेला चिकट तांदूळ एकदा उखळात पडला की घरात भांडण असो नाहीतर मयत, थांबता येत नाही. निवला की त्याचा दगड होतो. म्हणून पॅकिंगच्या शेडमध्ये बाबा कांडत होते, त्यांची थोरली बहीण उलटत होती, आई आणि मी पिठी लावलेल्या फळीवर गोळे वळत होतो आणि भांडण चालू होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

भांडण सहीवरून होतं. कॅलिफोर्नियातल्या लास कोंचासमध्ये आमचं शेत तेवढं उरलं होतं. उत्तरेला घरं, दक्षिणेला घरं, मधे आमच्या स्ट्रॉबेरीच्या सऱ्या थेट समुद्रावरच्या कड्यापर्यंत. हार्लन नावाच्या बांधकामवाल्याला तो कडा हवा होता. बाबांनी त्याच्याशी सगळं ठरवलं, हातात हात दिला, आईने पडद्यांचं कापडही बघून ठेवलं. मग हार्लनच्या वकिलाने जुने कागद काढले आणि फोन केला. "मिस्टर कुराता, या जमिनीशी तुमचा संबंध काय?"

बाबांना माहीत नव्हतं असं नाही. सतरा वर्षं ते विसरून राहिले होते, इतकंच. कागदावर मालकीण होती हात्सुये कुराता. माझी आत्या. पॅकिंगच्या शेडमागच्या खोलीत राहणारी, पहाटे पाचला पंप सुरू करणारी, जेवायला टेबलाच्या दाराकडच्या टोकाला बसणारी.

"वन्सं, एका सहीला किती वेळ लागतो?" आई म्हणाली. "तुमचं नाव काय तीन ओळींचं आहे?"

"तुला घाई कसली, तेरुको? पडदे काय शिळे होतात?"

आईने हातातला गोळा फळीवर असा आपटला की तो चपटा झाला.

आत्या दोन वर्षांची असताना आजोबांनी ही जमीन घेतली. त्या काळात जपानहून आलेल्या माणसाला कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेता येत नसे. इथे जन्मलेल्याला घेता यायची. तेव्हा आमच्या लोकांनी जे केलं तेच आजोबांनी केलं. घरातलं इथे जन्मलेलं पहिलं मूल धरलं आणि त्याच्या नावावर जमीन घेतली. ते मूल मुलगी निघालं, त्याला इलाज नव्हता. बाबा अजून पाच वर्षं यायचे होते. विकणारी बाई एका जुन्या मेक्सिकन घराण्यातली शेवटची. तिच्याही आधी तिथे मूळचे आदिवासी राहायचे, ते नांगराला लागणारे त्यांच्या शिंपल्यांचे ढीग सांगायचे. वरच्या अंगाला, जिथे वारा कमी, तिथली घरं गोऱ्यांखेरीज कुणाला विकायची नाहीत असं त्या घरांच्या कागदांतच लिहिलेलं होतं. आजोबांच्या वाट्याला खारा वारा खाणारा कडा आला. त्यांनी तिथे वाटाणा लावला आणि तो आला.

दर जानेवारीत आजोबांना पालक म्हणून कोर्टात जाऊन मुलीच्या जमिनीचा जाब द्यावा लागे. कांजी केलेला फ्रॉक घालून आत्यालाही न्यायचे. कारकून चष्म्यावरून बघत विचारायचा, "ही जमीन कुणाची, बाळ?" आत्याने इंग्रजीत म्हणायचं, "माझी." हे तिच्याकडून घरी आठ-आठ दिवस घोटून घेतलं जायचं. पाच वर्षांची असताना एकदा परत येताना, ट्रकमधून दिसणारं शेत बघून ती आपणहून म्हणाली, "माझी." आजीने पाठीत धपाटा घातला. म्हणाली, "ते तिथं बोलायचं. घरी नाही."

ही गोष्ट आत्याने मला सांगितलेली नाही. आजी सांगायची, हसत हसत, आणि आत्या त्या वेळी भांडी घासत असायची.

"मी काय तुला रस्त्यावर टाकतोय?" बाबा धापा टाकत होते. पाठीचं दुखणं त्यांना चाळिशीतच लागलं होतं. दोन वर्षं ते वाकून स्ट्रॉबेरी तोडूच शकत नव्हते. "शहरात देवळाजवळ खोली बघितलीय तुला. स्वच्छ आहे. खाली आपलीच माणसं. बायका दुपारी कागदाची फुलं करतात."

"मी एक्कावन्न वर्षांची आहे, इसामु. कागदाची फुलं काय करू?"

"बाकीच्या बायका करतात ना."

"त्यांना शेत नसेल."

"तुलाही नाहीय," बाबा म्हणाले. "हेच सांगतोय मघापासून. कायद्याला चकवायला लावलेलं नाव ते. आपल्या सगळ्या आळीत तसंच होतं. मात्सुदांकडे नव्हतं? फ्रँकच्या नावावर होतं, वाटून घेतलं ना भावाभावांनी?"

"फ्रँकने वाटून दिलं. फ्रँकला विचारलं होतं."

"मग तुला विचारतोय ना."

"तू हार्लनला आधी विचारलंस."

यावर बाबांनी चार घाव नुसतेच घातले. उखळाच्या कडेची वाफ आत्याच्या तोंडावर येत होती. तिचे हात लाल झाले होते, पण तिचा ठेका एकदाही चुकला नव्हता. तीस वर्षं त्या दोघांनीच हे काम केलेलं. आई लग्न होऊन आली त्या वर्षी तिने उलटायला बसून पाहिलं आणि तिचं बोट ठेचलं. त्यानंतर ती फळीवर गेली ती कायमची. त्याचाही राग आईला होताच.

आता कोर्टाचं सांगायला हवं, कारण भांडण फिरून फिरून तिथेच येत होतं.

जपानशी लढाई सुरू झाली तेव्हा सरकारने आमच्या सगळ्या लोकांना उचलून वाळवंटातल्या कॅम्पमध्ये नेलं. जमीन शेजारच्या मशादू नावाच्या शेतकऱ्याने कसली, आणि त्याला कॅम्पमधून पत्रं लिहिली ती आत्याने, कारण कागदावर तीच होती. परत आल्यावर वर्षभरात सरकारचा खटला आला. म्हणणं असं की मुलीचं नाव ही फसवणूक, खरा मालक बाप, आणि बापाला मालक होता येत नाही, म्हणून जमीन सरकारजमा करा. आजोबा शपथेवर उभे राहिले. मध्ये दुभाषा. सरकारी वकिलाने विचारलं, ही जमीन तुमची ना? आजोबा म्हणाले, नाही. मी ती मुलीला दिली. देऊन टाकली. उद्या तिने ती विकली तर? विकू दे. तिने तुम्हाला हाकललं तर? जाईन. तुमच्या मुलाचा हिस्सा किती? काही नाही.

शेवटच्या बाकावर सतरा वर्षांचे बाबा बसलेले होते.

दीड वर्षाने सरकारने खटला काढून घेतला. पुढे तो कायदाही गेला. नाव बदलून घ्यायला हरकत नव्हती, पण आजोबांनी बदलून घेतलं नाही. म्हणायचे, शपथेवर सांगितलंय, आता बदललं तर पुन्हा विचारायला येतील. छप्पन साली ते गेले आणि कागद तसाच राहिला. त्यानंतर घरात सगळे 'इसामुचं शेत' म्हणायला लागले. आत्याही म्हणायची.

"भीती होती म्हणून बदललं नाही त्यांनी," बाबा म्हणाले. "तुला काय वाटलं, तुझ्या प्रेमापोटी?"

"मला काही वाटलं नाही. त्यांनी जे सांगितलं ते मी ऐकलं."

"त्यांना पढवलं होतं गं. वकिलाने. जेवायच्या टेबलावर आठ दिवस घोटून घेतलं, तुझ्याकडून लहानपणी घ्यायचे तसं. मी होतो ना तिथं. 'देऊन टाकली' म्हणताना दर वेळी अडखळायचा म्हातारा. तीच तीच पोपटपंची, आणि तू सव्वीस वर्षं ती उराशी धरून बसलीयस."

आत्याचा हात उखळात गेला आणि आतच राहिला.

बाबांनी मुसळ डोक्यावर नेलेलं होतं. ते तिथेच अडलं. मी पिठीचा हात तसाच धरून बसले.

"हात काढ, ताई."

"एक सांग आधी," आत्या म्हणाली. तिने बाबांकडे बघितलंही नाही. "नोबोरू इवाशिताचं माझ्यासाठी मागणं आलं होतं. कॅम्पात. भटारखान्यात होता तो."

"आता त्याचं काय इथं?"

"आपल्या वडिलांनी त्याला नकार का दिला?"

"हात काढ. भात निवतोय."

"निवू दे. का दिला नकार?"

आई म्हणाली, "वन्सं, पोरीसमोर कशाला जुनी मढी उकरताय?"

"तू गप्प बस गं, तेव्हा तू शाळेत होतीस." आत्याचा आवाज चढला नव्हता. "इसामु, तू चौदाचा होतास. त्याच खोलीत होतास, पडद्याच्या अलीकडे. ऐकलंयस."

बाबांनी मुसळ हळूच खाली घेतलं आणि जमिनीवर टेकवलं.

"तुझं लग्न झालं असतं तर जमीन इवाशितांच्या घरात गेली असती," ते म्हणाले. "म्हणून."

"आणि त्याचे थोरले भाऊ आले होते, म्हणाले, मुलगा घरजावई करून घ्या, तुमचं नाव लावील. तेव्हा?"

"मी होतो ना. घरात मुलगा असताना घरजावई कशाला?"

"बरं." आत्याने हात बाहेर काढला. मनगटापर्यंत भात चिकटला होता. तो ती पाण्याच्या वाडग्यात एकेक बोट करून सोडवत राहिली. "म्हणजे मी लग्न करणार होते तेव्हा जमीन खरीखुरी माझी होती. इतकी की मला घराबाहेर पडू देता येईना. आणि आता सही हवी तर ती नुसती कागदावरची. दोन्हीपैकी एक धर, इसामु. कुठलंही धर."

आई बोलली. "एवढं होतं तर तेव्हाच तोंड उघडायचं. वीस वर्षं माझ्या हातचं जेवलात."

"जेवले. तांदूळ शेतावरच्या पैशाचा होता," आत्या म्हणाली. "कांड, इसामु. अजून दहा घाव हवेत."

बाबांनी खरंच मुसळ उचललं. मला आजही कळत नाही का. सवयीने असेल. दहा घाव पडले, हात दहा वेळा आत गेला, बाहेर आला. भात एकजीव झाला, चकाकायला लागला. आत्याने तो लोळा उचलून फळीवर आणला, आईला कोपराने बाजूला सारलं आणि आधी मोठा गोळा वळला, मग त्याहून लहान.

हे दोन गोळे देवघरापुढे ठेवायचे असतात, एकावर एक, वर संत्रं. ठेवायचे ते घरच्या कर्त्या पुरुषाने. आजोबा ठेवायचे, नंतर बाबा. त्या दिवशीही बाबा सवयीने हात पुसून पुढे झाले. आत्याने ताट त्यांच्या हातात दिलं नाही. चपला काढून ती ताट घेऊन घरात गेली. पुढची खोली आई-बाबांची. देवघर तिथेच होतं, आजी-आजोबांच्या फोटोंसकट. आम्ही शेडमध्ये उभे राहून घंटीचा आवाज ऐकला. एकदाच वाजली.

"वेड लागलंय तिला," आई म्हणाली. "तुम्ही नुसते उभे काय राहिलात?"

"काय करू? ओढून आणू?"

"माझी खोली आहे ती."

आत्या परत आली तेव्हा तिने चपला नीट जुळवून घातल्या. उखळात पाणी ओतलं, आतला चिकटलेला भात बोटाने खरवडून बघितला. मग आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"जमीन विकायची नाही," ती म्हणाली. "हार्लनला फोन मी करीन, तू करायचा नाहीस. आणि आजपासून मी पुढच्या खोलीत झोपणार. तेरुको, तुमच्या गाद्या संध्याकाळपर्यंत शेडमागच्या खोलीत न्या. छत पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतं, तिकडे डोकं करू नका."