दाराआडचा हात

भागाबाईची सगळी पुंजी त्या दिवशी तिच्या कमरेला बांधलेली होती. चांदीचे दीडशे रुपये. बारा वर्षं बुऱ्हाणपुरातल्या लोकांच्या भिंतींना चुना देऊन, हातांची सालपटं काढून साठवलेले. नवरा गेल्यापासून तिनं आणि कडूनं, म्हणजे तिच्या मुलानं, भाड्याच्या पाच खोल्या बदलल्या होत्या. दर खेपेला बाडबिस्तरा उचलताना बाई घरमालकाचा उद्धार करायची आणि म्हणायची, मरीन तर स्वतःच्या भिंतीच्या आत मरीन.

तशा भिंती आता बुधवारा पेठेत विकायला निघाल्या होत्या. दोन खोल्या, पुढं ओटा. मालक वामन मास्तर पेन्शनीत निघालेले. बायको मागेच गेलेली, म्हणून ते खांडव्याला भावाकडे चालले होते. विसार दीडशे, उरलेले सहा महिन्यांत. कडू गिरणीत होता, त्याला उचल मिळणार होती. मुदत चुकली किंवा मन फिरलं तर विसार बुडाला. इच्छापूरचा एक व्यापारी चार वाजता विसार घेऊन येणार होता, आणि तीन तर वाजून गेले होते.

घर बाईच्या हाताखालचं होतं. सात दिवाळ्या तिनंच तिथं सफेदी केली होती. मास्तरांची एकुलती लेक सुमन सासरी निघाली तेव्हा तिनं दाराआडच्या भिंतीवर हळदीचा हात उमटवला होता. वर्षाच्या आत पोर बाळंतपणात गेली. तेव्हापासून दर दिवाळीला मास्तर बाईच्या डोक्यावर उभे राहायचे. ‘तिथं थेंबही नको.’ बाई लहान कुंचा घेऊन हाताच्या कडेकडेनं जायची.

आज ती कडूला घेऊन आली आणि दार लोटून आधी आडची भिंत पाहिली. हात नव्हता. सगळी भिंत कोरी पांढरी, आणि चुनाही तिच्या हातचा नव्हता. चांगला जाड, दोनदा दिलेला.

ज्या बापानं सात वर्षं थेंब पडू दिला नाही, त्यानं तोच हात बुजवला? आणि तोही दुसऱ्याकडून? भिंत तडकली असणार. चुन्याखाली काय काय झाकतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! तिनं स्वतःच मजुरीसाठी दोन घरांच्या भेगा झाकल्या होत्या, आणि आता तेच तिला आठवलं.

“मास्तर, तेवढी भीत मले धुवून पाहू द्या.”

“काही गरज नाही,” मास्तर एकदम तडकले. “घ्यायचं तर घ्या, नाहीतर तो इच्छापूरवाला येतोच आहे.”

“माय, काहून तमाशा करते?” कडू कानाशी लागला. “दे ना इसार. घर हातचं जाईन.”

“तू गप ऱ्हाय. पैसे माये हायेत.”

तिनं कोपऱ्यातल्या घागरीत पदर बुडवला आणि भिंतीला लावला. मास्तर पुढं झाले, पण हात धरला नाही. चुना ओघळू लागला. बाई घासत राहिली, भेग शोधत. बोटांना भिंत लागली ती ठणठणीत, कोरडी. मग पाच बोटं दिसली. पिवळी राहिली नव्हती; चुना लागून हळद कुंकवासारखी लाल झाली होती.

बाईनं पदर खाली सोडला. आपल्या संशयाची तिला लाजच वाटली.

“विकलेल्या घरात पोरीचा हात कसा ठेवू?” मास्तर म्हणाले. “आणि तुम्हाला बोलावलं असतं तर तुम्ही पुन्हा बाजूनंच कुंचा फिरवला असता.”

बाईनं कमरेची गाठ सोडली आणि पुरचुंडी त्यांच्या ओंजळीत ठेवली. मास्तरांनी पावती लिहिली, सही केली. मग कोपऱ्यातल्या चुन्याच्या बादलीकडे बोट दाखवून म्हणाले, “आता तेवढं झाकून टाका. माझ्यासमोर.”

“इसार घेतला ना, मास्तर?”

“घेतला.”

“मंग घर आता मायं हाये. चुना कुठं लावाचा ते मी पाहीन.”