स्टोव्हसमोरचा प्रश्नोत्तरांचा तास

आमचे हे आमदार झाले आणि वर्षाच्या आत मी मंत्री झाले. हे विरोधी पक्षात, मी सरकारात, आणि दोघं मिळून डिलाईल रोडवरच्या सरकारी चाळीतल्या एका खोलीत. आता हसू येतं. तेव्हाही येतच होतं म्हणा.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस होते आणि आमच्या चाळीत कोणी साधं चालत नव्हतं. पाणी भरायला निघालेली बाईसुद्धा मोर्च्यात असल्यासारखी पावलं टाकायची. पोरं गोट्यांच्या डावात घोषणा द्यायची. हे दिवसा गिरणीत साच्यांवर कापड विणत आणि संध्याकाळी सभा गाजवत. आवाज असा खणखणीत, की लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस जागचा हलत नसे. लोकांनी यांना डोक्यावर घेतलं आणि विधानसभेत नेऊन बसवलं. मिरवणुकीतल्या गुलालानं माझं पातळ लालेलाल झालं. ते धुवायला माझं मन होईना, म्हणून तसंच घडी करून ठेवलं.

पण मैदान गाजवणाऱ्या या माणसाची सभागृहात पाऊल टाकताच दातखीळ बसली. तिथे ओरडायचं नाही, समोरच्याचं नाव घेऊन त्याची सालं काढायची नाहीत, प्रत्येक वाक्य ‘अध्यक्ष महाराज’ म्हणून सुरू करायचं आणि अध्यक्ष उभे राहिले की आपण मटकन खाली बसायचं. हात वर करून बोलायची सवय असलेल्या माणसाला हे सगळं हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं वाटे. एक अख्खं अधिवेशन हे तोंडातून शब्द न काढता परत आले. नळावर बायका विचारायच्या, “काल बोलले का तुमचे?” मी सांगायचे, घसा बसलाय. एक घसा बसून बसून किती दिवस बसणार? मला मेलीला लाज वाटायची आणि यांचा रागही यायचा. एकदा भाजी चिरताना मी सरळ बोलले, की लोकांनी तुम्हाला गप्प बसायला निवडून दिलं असतं तर त्यासाठी गुलाल कशाला उधळला असता? हे मान खाली घालून लसूण सोलायला बसले. त्याचंही मला वाईट वाटलं.

मागायला काही नव्हतं असंही नाही. आमच्या चाळीत मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना खोल्या, टोकाला संडास. पॅसेजमध्ये भर दुपारीही अंधार. चाळीच्या दुरुस्तीला आणि दिव्यांना सरकारनं पैसे मंजूर केलेत, असं वर्षभर ऐकत होतो. दिवा काही आला नव्हता. मला सातवा महिना होता. एका हातात टमरेल, दुसरा हात भिंतीला, आणि पावलागणिक कोणाच्या तरी कोळशाच्या पाटीला ठेच. पडले तर काय, हा विचार मी मनात येऊ देत नसे, तरी तो यायचाच.

समोरच्या खोलीत एक गुरुजी राहायचे. आदल्याच वर्षी सहकुटुंब बौद्ध झालेले, म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शिकवणारे, अतिशय शांत गृहस्थ. बजेटचं अधिवेशन आलं तेव्हा त्यांनीच यांना धीर दिला. प्रश्न लेखी द्यायचा असतो, म्हणाले, मंत्री त्याचं उत्तर वाचून दाखवतात. तिथवर कसलीच भीती नाही. खरी कसोटी त्याच्या पुढे. उत्तर ऐकून तिथल्या तिथे उपप्रश्न विचारायचा, आणि तो काही घरून लिहून नेता येत नाही. हे ऐकून यांचा चेहरा असा पडला की गुरुजींनी लगेच उपाय काढला. रोज संध्याकाळी तालीम करायची.

मंत्री कोणी व्हायचं? घरातली पैशाची पेटी माझ्याकडे, म्हणून सगळी खाती माझ्याकडे आली. अध्यक्ष झाल्या आक्का. आक्का म्हणजे शेजारच्या मालवणी विधवा, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळण्यात उभा जन्म काढलेल्या, आवाजात यांनाही भारी. घंटा म्हणून त्यांनी माझाच खलबत्ता घेतला. गुरुजींनी सभागृहाच्या कामकाजाचे जुने छापील अंक आणले आणि सरकार कशी कशी उत्तरं देतं ते मला वाचून दाखवलं. ‘हा प्रश्न उद्भवत नाही.’ ‘बाब विचाराधीन आहे.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि सगळ्यांत गोड, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे.’ ही वाक्यं मला इतकी आवडली, की आजवर आपण नवऱ्याशी उगाच वाद घालत होतो असं वाटलं.

पहिल्या संध्याकाळी यांनी चाळीच्या दुरुस्तीचा प्रश्न विचारला. मी स्टोव्हला पिन मारता मारता म्हटलं, माहिती गोळा करण्यात येत आहे. हे उभेच राहिले. कपाळावर घाम. आक्कांनी खलबत्ता वाजवला आणि म्हणाल्या, “टायम संपलो तुजो. बस खाली.”

चारसहा दिवसांत मात्र यांना रंग चढला. चाळीचा प्रश्न संपला की हे माझ्याच राज्यकारभारावर घसरायचे. गेल्या आठवड्यात रॉकेलवर जादा खर्च झाला, हे खरं आहे काय? मी म्हणे, अंशतः खरं आहे. त्याची कारणं काय? कारण सन्माननीय सदस्य सभेहून चार जणांना घेऊन येतात आणि सगळ्यांना चहा लागतो. मग बेसनाच्या लाडवांवर नवा कर बसवण्याचा सरकारचा विचार आहे काय? आहे, म्हटलं, आणि जो सदस्य उपप्रश्न न विचारता घाम पुसत बसेल, त्याच्याकडून तो सक्तीनं वसूल होईल. दारात उभी असलेली माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायची. अंधाऱ्या पॅसेजमध्ये इतकी माणसं गोळा व्हायची की कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे ते कळायचं नाही. मला तर चटकच लागली. जेवायला वाढलंय का असं कोणी विचारलं तरी तोंडातून निघायचं, विचाराधीन आहे.

यांच्या प्रश्नाचा दिवस उजाडला. यांनी दिलेले पास घेऊन मी, आक्का आणि गुरुजी प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसलो. पट्टेवाल्यानं आधीच बजावलं, की बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पुढच्या कठड्यावर रेलायचं नाही. आक्कांची पानाची चंची त्यानं बाहेरच ठेवायला लावली, त्यामुळे त्या घुश्शात होत्या. खाली यांचं डोकं दिसत होतं. सकाळी मीच तेल लावून भांग पाडून दिला होता. बाळाच्या लाथा सुरू झाल्या होत्या.

यांचं नाव पुकारलं. हे उभे राहिले आणि प्रश्नाचा क्रमांक सांगितला, तोही इतक्या बारीक आवाजात की मला रडू येईल असं वाटलं. मंत्री उठले. त्यांना कागद सापडेना. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. हे तसेच उभे, आणि यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, रोज स्टोव्हसमोर पाहायचे तसं.

मी तरी काय करणार? रोजची सवय. “माहिती गोळा करण्यात येत आहे,” मी स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगून टाकलं.

सगळ्या माना वर. आणि नेमक्या त्याच क्षणी मंत्र्यांना कागद सापडला. त्यांचं लक्ष कागदात, त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, “माहिती गोळा करण्यात येत आहे.”

त्यानंतर जे हसू फुटलं तसं मी आयुष्यात ऐकलं नाही. दोन्ही बाजू हसत होत्या, बाकं बडवत होत्या. घंटा वाजत होती पण कोणी ऐकत नव्हतं. पट्टेवाला माझ्यापाशी आला तेव्हा तोही ओठ चावत होता. माझी अवस्था बघून त्यानं मला हळूच धरून बाहेर नेलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर ज्या माणसाला उभं करायला धडपडले, त्याचं मी भर सभेत हसं करून ठेवलं. आता हे कधीच तोंड उघडणार नाहीत, असं वाटून डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आतला हशा विरला. मग पुन्हा एकदा हशा पिकला, आधीपेक्षा मोठा. आणि तो ओसरता ओसरता बंद दाराआडून यांचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. पण आवाज मैदानातला होता, फक्त लगाम घातलेला. थांबायचा, कोणीतरी गुळमुळीत काही बोलायचं, की पुन्हा उसळायचा. मी पदरानं डोळे पुसले आणि बाकावर एकटीच हसायला लागले.

बोरीबंदरहून ट्रामनं आम्ही दोघंच परतलो, कारण आक्कांना अजून गॅलरीत बसायचं होतं आणि गुरुजी त्यांच्या सोबतीला थांबले. ट्राममध्ये यांनी मला सगळं पुन्हा करून दाखवलं. माहिती गोळा करायला कधी सुरुवात झाली? मंजूर पैसे वर्षअखेर खर्च न होता परत जाणार आहेत काय? चाळीत जाऊन माहिती कोण गोळा करतोय, आणि त्या अंधारात त्याला ती दिसते तरी कशी? शेवटी मंत्र्यांनी दिव्यांचं आश्वासन दिलं. समोरचा एक पारशी म्हातारा कौतुकानं ऐकत होता. मी म्हटलं, माझ्यामुळे तुमची फजिती झाली. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “छे गं. आधी सगळे थोडं हसले, एवढंच.” आणि विषय बदलला.

सरकारची माणसं खरोखरच शिडी घेऊन आली. दिवे बसताना अख्खी चाळ पॅसेजमध्ये. हे शिडी धरून वायरमनला नको त्या सूचना देत होते. तेवढ्यात आक्का दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांना तो दिवस रंगवून सांगायला लागल्या, आणि मला बाहेर काढल्यानंतरचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अध्यक्षांनी कडक आवाजात विचारलं होतं, त्या बाईंना पास कोणी दिला? “ह्यो उबो ऱ्हवलो,” आक्का म्हणाल्या, “हातात कागद नाय, काय नाय.” आणि यांनी सांगितलं होतं, “अध्यक्ष महाराज, पास मी दिला. आमच्या घरी सरकार तिचंच आहे. मी तिथंही विरोधी पक्षातच बसतो.”

बायका हसायला लागल्या. मला हसता येईना. सभागृहात पाठ न करता, कागद न बघता यांनी बोललेलं पहिलं वाक्य माझ्यावर होतं. ते मंत्र्यांनी ऐकलं, पेपरवाल्यांनी ऐकलं, पट्टेवाल्यानंसुद्धा ऐकलं, आणि मी तेवढी दाराबाहेर बसून रडत होते. मला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा कळेना. मी खोलीत गेले, दार लोटलं आणि पोटातल्याला ते वाक्य पहिल्यापासून सांगितलं.