रखमाजी मामांची ऐकण्याची खोली

रांजणगावच्या एमआयडीसीत रखमाजी कोकरे कोण असं विचारलं, तर गेटवरचा वॉचमन जरा विचारात पडेल. ‘साऊंडवाले मामा’ म्हणा, तो लगेच हात करेल, "ते काय, मेंटेनन्सला."

दिवसभर प्रेस शॉपच्या दणदणाटात काढलेल्या माणसाला घरी शांतता लागत असेल, असं कुणालाही वाटेल. रखमाजींना घरी गाणं लागायचं, आणि तेही नीट ऐकू येणारं. ही खोड लहानपणापासूनची. त्यांचे वडील बिरदेव म्हणजे घरातले मेंढ्या घेऊन फिरणारे शेवटचे. पुढे मेंढ्या विकून ते शिरूरजवळ घोड नदीच्या काठी शेती करू लागले, आणि पहिल्या कांद्याच्या पैशातून घरात ट्रान्झिस्टर आला. आवाज मोठा यावा म्हणून रखमाजीनं तो रिकाम्या घागरीत ठेवला. आवाज खरंच घुमला. पाणी भरायला निघालेल्या आईनं घागर उचलली, आत गाणारा ट्रान्झिस्टर पाहिला आणि मग रखमाजीला चांगलंच बडवलं.

मोठेपणी त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक बंद पडलेला ॲम्प्लिफायर आणला आणि महिनोन् महिने खटपट करून तो बोलता केला. स्पीकरच्या पेट्या शिरूरच्या सुताराकडून करून घेतल्या. सुताराला वाटलं धान्याची कोठी करायचीय. "एवढं जाड प्लाय कशाला मामा? दाणं काय पळून जात्यात व्हय?" असं तो शेवटपर्यंत विचारत राहिला.

कंपनीत गाण्याच्या शौकिनांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर नवनव्या वस्तूंचे फोटो येत. वायर जमिनीला टेकू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे पॉलिश केलेले ठोकळे, आवाज ‘शुद्ध’ व्हावा म्हणून ॲम्प्लिफायरवर ठेवायचा काळा दगड. ठोकळ्यांचा फोटो बघून रखमाजींनी लिहिलं, "वायरीला काय थंडी वाजती का?" ग्रुपवर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं हसला तो सत्यजीत, आणि ठोकळे त्याचेच होते.

सत्यजीत क्वालिटीतला इंजिनियर, दौंडकडच्या बागायतदाराचा मुलगा. सणसवाडीत खोली घेऊन राहायचा. पगारातला मोठा वाटा गाण्याच्या सामानावर जायचा. रखमाजींशी त्याचं गूळपीठ होतं. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच बाकावर बसून सूर, तबला आणि वायरी यांवर वाद घालायचे. एके दिवशी त्यानं मखमली पेटीतून आलेली स्पीकरची वायर दाखवली. अंगठ्याएवढी जाड, वरून निळी विणलेली. किंमत एका दुभत्या म्हशीची.

"पण मामा, लगेच कळणार नाही," तो म्हणाला. "आधी शंभर तास वाजवून वायर मुरवावी लागते."

"मुरवावी? लोणचं हाय का त्ये?"

"तुम्ही हसा. मी मुरवून आणतो, मग तुमच्याच घरी लावू. डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवू."

रखमाजींना हे पटलं. ऐकल्याशिवाय नाव ठेवणं त्यांनाही आवडत नसे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सत्यजीत पेटी घेऊन आला. रखमाजींचं नवं स्लॅबचं घर, बाहेरच्या खोलीत चकचकीत फरशी, मोठ्या काचेच्या खिडक्या आणि समोर दोन स्पीकर. रखमाजींची बायको रुपाली हिला पडद्यामागं बसवायचं ठरलं. तिनं जुनं लुगडं दोरीवर टाकलं आणि ॲम्प्लिफायर, स्पीकर सगळंच त्याच्या आड गेलं. वायरी कशा बदलायच्या हे रखमाजींनी तिला दाखवून ठेवलं होतं. कुठली लावली हे न सांगता तिनं फक्त ‘एक नंबर’, ‘दोन नंबर’ म्हणायचं. खाटेवर रखमाजींची आई कुशाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

हार्मोनियम आणि तबल्याचं रेकॉर्डिंग लागलं.

"एक नंबर," लुगड्यामागून आवाज आला. दोघांनी डोळे मिटून ऐकलं. मग थोडी खुडबुड झाली. "दोन नंबर."

सत्यजीत ताठ बसला. "ऐकलं मामा? तबला मोकळा झाला."

रखमाजींनी कान पडद्याकडे केला. त्यांना मनातून हे नको होतं, पण खोटं बोलवेना. "व्हय रं," ते हळूच म्हणाले. "कायतरी हाय खरं. हार्मोनियमला बी धार आलीया."

पुन्हा एक, पुन्हा दोन. दर वेळी दोघांचं एकमत. सत्यजीतला तर आता प्रत्येक बोट वेगळं ऐकू येत होतं. आपली इतकी वर्षांची समजूत चुकली म्हणून रखमाजी थोडे हिरमुसले होते, पण नवं काही कळल्याचा आनंदही चेहऱ्यावर दिसत होता. "चल, मानलं तुला," असं म्हणून त्यांनी सत्यजीतच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात लुगडं बाजूला सारून रुपाली बाहेर आली. तिच्या हातात निळी वायर जशीच्या तशी गुंडाळलेली होती.

"अवो, ही जाड वायर त्या भोकात जाईचना. लई दाबली. तुमी दोघं एवढं रंगात आला व्हता, म्हटलं कशाला मोडता घालायचा. म्या आपली एक-दोन म्हणत ऱ्हायले."

दोघांनी त्या वायरीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. मग खाटेवरून कुशाबाईंचं हसू फुटलं. त्यांच्या ओच्यातल्या शेंगा घरंगळल्या. सत्यजीतनं आधी तोंडावर हात ठेवला आणि मग तो भिंतीला टेकून पोट धरून हसत सुटला.

"म्हंजी मी बी फसलो!" रखमाजी ओरडले. फसल्याचा एवढा आनंद झालेला माणूस रुपालीनं पहिल्यांदाच पाहिला. "एकाच वायरीत धार काढली की रं आपण!"

हसणं ओसरल्यावर कुशाबाई म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हाई. मला एक न्हाई आन् दोन न्हाई. मला तर वाजवणारा हिरीत बसल्यागत वाटतोय."

सत्यजीत हसायचा थांबला. त्यानं खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवली. टाळीचा आवाज फरशीवरून काचेवर, काचेवरून स्लॅबवर झणझणत गेला.

"आजी बरोबर म्हणतायत," तो म्हणाला. "मामा, आपण वायरीवर भांडतोय आणि आवाज सगळा भिंतींवर आपटून परत येतोय. इथं मऊ काहीतरी पाहिजे."

रुपालीनं माळ्यावरची ट्रंक उघडली. आत सासऱ्यांची घोंगडी होती, डांबरगोळ्यांच्या वासात दडपून ठेवलेली. सत्यजीत स्टुलावर चढून खिळे ठोकू लागला, रखमाजी खालून घोंगडी देऊ लागले आणि दोघांना शिंकांवर शिंका येऊ लागल्या. खिडक्यांवर गोधड्या गेल्या, फरशीवर सतरंजी आली. स्पीकर भिंतीपासून पुढं ओढले. मग तीच हार्मोनियम लावली, त्याच साध्या वायरीवर.

"आता बसला हिरीभायेर," कुशाबाई म्हणाल्या.

या वेळी पडद्याची गरज नव्हती. रखमाजींनी डोळे उघडे ठेवूनच मान हलवली. मग काहीतरी आठवून ते आत गेले आणि एक पेनड्राइव्ह घेऊन आले. बिरदेव एका जत्रेत ढोलाच्या साथीनं ओव्या म्हणत होते, तेव्हा कुणा पाहुण्यानं कॅसेट भरून घेतली होती. रखमाजींनी ती पेनड्राइव्हवर उतरवली होती. वडील गेल्यानंतर ते ती अधूनमधून लावायचे. कुशाबाई मात्र उठून जायच्या. "त्यो त्यांचा आवाज न्हाई, नुसता गलका हाय," म्हणायच्या.

ढोल सुरू झाला. मग बिरदेवांचा आवाज आला, थोडा घोगरा, शेवटाला वर चढणारा. कुशाबाई उठल्या नाहीत. ओवी पुढं सरकली आणि एका जागी बिरदेव अडखळले. ढोल तसाच वाजत राहिला. आणि त्या ढोलाखालून एका बाईनं हलक्या आवाजात पुढची ओळ सांगितली. बिरदेवांनी ती झेलली आणि गाणं पुन्हा धावू लागलं.

कुशाबाई खाटेवरून ताडकन उठल्या. "आगं रुपाली, ती मीच की!"

"तुमी, आत्याबाई?"

"मीच! दर बारीला तितंच इसरायचं त्ये. मी माघं बसून सांगायची." त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "लाव रखमा, पुन्यांदा लाव."

रखमाजींनी पुन्हा लावलं. आई त्या ओव्यांत आहे हे इतकी वर्षं ऐकूनही त्यांना कळलं नव्हतं. बिरदेव अडखळायच्या आधीच आता कुशाबाई स्पीकरकडे बोट करून ओळ सांगत होत्या, आणि सत्यजीत मांडीवर ढोलाचा ठेका धरत होता.

वायरीचा किस्सा सत्यजीतनं स्वतःच ग्रुपवर टाकला, आपल्या फजितीसकट. निळी वायर त्यानं परत पाठवली. सणसवाडीच्या खोलीत घोंगडी लावल्यावर शेजारच्या बिहारी कामगारानं दारात येऊन विचारलं, "भैया, नया स्पीकर लिया क्या?" कुणी नवीन वस्तूची महती सांगू लागलं, की रखमाजी मामा आजही वायरी-दगडांवर हसतात, पण नाही म्हणत नाहीत. "घिऊन या," म्हणतात, "आमची मंडळी पडद्यामागं बसतील."

हिवाळ्यात कुशाबाईंची धाकटी जाऊ धुरपदा पाटसहून एसटीनं आली. दोघींच्या ओव्या नव्यानं भरून घ्यायच्या म्हणून रखमाजींनी त्याच खोलीत माइक मांडला, सत्यजीतनं हेडफोन चढवला. पहिली ओवी कुठली, यावरूनच दोघी जावांचं जुंपलं.

"तुला ठावंच न्हाई, तू तवा नांदायला बी आली नव्हतीस!"

"आन् तुला लई ठावं! भावजीस्नी तर मी जेवायला वाढायची!"

सत्यजीतनं मशीन थांबवायला हात पुढं केला. रखमाजींनी तो धरला.

"असू दे," ते म्हणाले. "ह्ये बी भरू दे."