विलासच्या पाठीवरची पट्टी

विलासचं मयत अजून खाटेवर होतं, आणि त्याच्या मोठ्या भावाने, रघुनाथने, विलासच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या, थोबाडीत मारली. वहिनी खाटेच्या लोखंडी दांडीवर आदळल्या. तोंडातून रक्त आलं. "हिनंच शेकून मारला माझ्या भावाला," तो ओरडला. मारणाऱ्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटपट्टीने बांधलेली होती. का, ते पुढे येईल. आम्ही तिघांनी त्याला धरून गॅलरीत नेलं आणि तिरडीच्या तयारीला लागलो. हे लिहितोय ते रघुनाथच्या त्या एका वाक्यासाठी. लालबागमध्ये ते अजून फिरतंय.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. कबड्डीत त्याने मनगट धरलं की सुटका नसे. रागही तसाच, कॅरम हरला म्हणून बोर्ड दुसऱ्या मजल्यावरून खाली फेकलेला मी पाहिलाय. सामन्यानंतर मात्र निमूट पालथा पडायचा. वहिनी जाडं मीठ फडक्यात बांधून तव्यावर तापवायच्या आणि त्याची पाठ शेकायच्या. आम्ही हाका मारल्या की म्हणायचा, "थांबा रे, माझा डॉक्टर तव्यावर बसलाय."

मग कॅन्सर हाडांत उतरला... दुखणं उसळलं की तो भिंतीवर डोकं आपटायचा. गिलावा निघाला होता तिथला. एकदा तांब्या फेकून आरसा फोडला, उशी दातांनी फाडली. गोळ्या उलटीत पडत. शेवटी परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी त्याच्या पाठीला औषधाची पट्टी लावली. त्या दिवशी सोबत रघुनाथ होता. दुसऱ्या दिवशी विलास कित्येक महिन्यांनी सलग झोपला.

आठवड्याभराने कंबर धरली. "सुमन, शेक दे गो," तो म्हणाला, आणि वहिनींनी जन्मभर दिला तसा दिला, कमरेपासून खांद्यापर्यंत, पट्टीवरूनही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी पोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे होते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला पाच. हॉस्पिटलात पट्टी काढली, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. डोळे उघडले, आणि तासाभरात पुन्हा मिटले. पुन्हा इंजेक्शन.

पट्टी काढल्यावरही असं का, मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. औषध अफूच्या जातीचं, पण त्याचा रेणू असा बदललेला की ते चरबीत विरघळतं. कातडीचा वरचा थर पाण्याला अडवतो, अशा औषधाला वाट देतो. आत त्याचा साठा होतो, तिथून ते रक्तात झिरपत राहतं, पट्टी काढल्यावरसुद्धा. ऊब लागली की झिरपण्याचा धबधबा होतो.

बाहेर पॅसेजमध्ये तेवढ्यात रघुनाथने वहिनींचे केस धरून त्यांना भिंतीवर ढकललं होतं. डॉक्टरबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "शेक द्यायचा नाही हे मी तुम्हालाच दोनदा सांगितलं होतं. यांना सांगितलंत?"

रघुनाथ म्हणाला, "बायकांना काय समजतंय त्यातलं."

विलास वाचला. घरी आल्यावर त्याने मला सगळं खोदून विचारलं, आणि रघुनाथला भेटायला बोलावलं. जवळ बसवलं, त्याचा उजवा हात हातात घेतला. मला वाटलं, निरोपाचं काही बोलणार. काठीसारखा झालेला माणूस... पण पकड तीच. दोन बोटं मागे वळवली, आवाज मला दारात ऐकू आला. "माझ्या बायकोवर पडला ना हा?" एवढंच बोलला आणि धापा टाकत आडवा झाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. कॅन्सरने. दाखल्यावर तसं लिहिलंय.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. ओट्यावरच्या खिळ्याला मिठाची पुरचुंडी तशीच लटकत होती. त्या दिवसापासून त्यांनी तिला हात लावला नव्हता. चहा ठेवत, माझ्याकडे न बघता विचारलं, "भावजी, त्या दिवशी आत गेलेलं... शेवटपर्यंत राहिलं असेल का त्यांच्या अंगात?"

मी डॉक्टरबाईंना हेच विचारून आलो होतो. "नाही वहिनी. दोन-तीन दिवसांत सगळं उतरलं होतं. त्यातलं काही उरलं नव्हतं."

खाटेची दांडी लागली तो जबडा अजून चावताना दुखतो त्यांना. चहा उतरवून त्यांनी तवा ठेवला, पुरचुंडी काढली, तापवली, मनगटाला लावून पाहिली. आणि आपल्या गालावर धरली.